ड्रायव्हरची बट

"डोकं कुठंय तुझं?" परीक्षक बाईंनी विचारलं.

कोणी हसलं नाही, कारण तिथे हा प्रश्न रोजचाच होता. केस कापायला शिकवणाऱ्या त्या शाळेत शेवटच्या परीक्षेला प्रत्येकाने आपापलं डोकं आणायचं असे. डोकं म्हणजे खुर्चीत बसून केस कापून घेईल असा जिवंत माणूस. बाकीची डोकी केव्हाच पांढरी कापडं गुंडाळून बसली होती. एकीची वहिनी, एकाचा मित्र, सगळे कसे भरघोस केसांचे. जिला प्रश्न विचारला, तिची खुर्ची तेवढी रिकामी होती. मावसबहिणीने कंबरेपर्यंतचे केस देऊ केले होते आणि ऐन सकाळी कळवलं होतं, साहेब सोडत नाहीत.

डोकं नाही तर परीक्षा नाही, पुढच्या वर्षी ये, असं बाईंनी सांगून टाकलं. त्यांचं चुकत नव्हतं, नियमच तसा होता. पण ज्या सलूनमध्ये ती इतके दिवस केर काढत होती, तिथली एक खुर्ची मालकिणीने तिच्या निकालापर्यंत राखून ठेवली होती. वर्षभर कोण राखतंय? तिने आईला फोन करून सांगितलं आणि सांगता सांगता तिला रडूच आलं.

कात्र्या चालू व्हायच्या बेतात असताना दार उघडलं. दारात बाबा. अंगावर ड्रायव्हरचा गणवेश, डोक्यावर टोपी, धाप लागलेली. आईचा निरोप मिळताच दोन फेऱ्यांच्या मधला चहा सोडून आले होते. धावत येणाऱ्या प्रत्येकासाठी बस थांबवून धरायची आणि मग उशीर झाला म्हणून बोलणी खायची, अशी त्यांची ख्याती. आज ते स्वतः धावत आले होते.

"हे चालेल का?" टोपीला बोट लावत त्यांनी विचारलं आणि खुर्चीत बसून टोपी काढली.

आता मात्र वर्ग हसला.

टोपीखाली मोकळं मैदान होतं. त्या मैदानावर डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत एक लांबलचक बट, तेल लावून, आडवी बसवलेली. ही बट बाबांनी तळहाताच्या फोडासारखी जपली होती. रोज सकाळी आरशापुढे तिची मांडणी चाले, तेव्हा घरात कोणी मोठ्याने बोलतसुद्धा नसे. वाऱ्याने टोपी उडून ती विस्कटू नये म्हणून भर उन्हाळ्यातही बाबा आपल्या बाजूची काच बंद ठेवूनच बस चालवत. कंडक्टर बोलून बोलून थकला होता. बट सगळ्यांना दिसायची, पण तिच्याविषयी घरात आजवर कोणी चकार शब्द काढला नव्हता.

तिने कात्री उचलली आणि तिचा हात थांबला. माणसाला शोभेल असे केस कापा, एवढीच परीक्षा होती. बट ठेवून कडेकडेने कापलं, तर बाबांचा मान राहणार आणि ती नापास होणार. परक्या गिऱ्हाईकाला न दुखावता हे कसं सांगायचं ते तिला शिकवलं होतं. आपल्याच बापाला कसं सांगायचं, ते कोण शिकवणार?

ती वाकून हळूच म्हणाली, "बाबा, ही बट..."

बाबा आरशात बघत होते. "शाळेत काय शिकवलंय?"

"काढायला."

"मग मला काय विचारतेस? शाळेत तू गेलीस, मी नाही."

त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

कात्रीचा एकच आवाज झाला. बट पांढऱ्या कापडावरून घसरत खाली आली. मग मात्र तिचा हात थांबला नाही. कानामागचे केस तिने मशीनने बारीक केले, खालून वर अलगद विरत नेले. मिशीची टोकं सारखी केली, भुवयांतले रानटी केस टिपले. बाबांच्या डोक्याची ठेवण इतकी सुरेख असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. शेवटी तिने मऊ ब्रशने मान झाडली, तेव्हा गुदगुल्या होऊन बाबा मिटल्या डोळ्यांनीच हसले.

परीक्षक बाई आल्या. खुर्चीभोवती फिरल्या, बाबांची मान उजेडाकडे वळवून कानामागे कुठे रेघ राहिली आहे का ते त्यांनी बघितलं. कुठेच नव्हती. मग त्या वर्गाकडे वळल्या.

"दाट केसांत चूक दडते," त्या म्हणाल्या. "हिला दडवायला जागा होती का? या सगळे इकडे, नीट बघून घ्या."

मघाशी हसलेले सगळे गोळा झाले. बाईंनी पहिला नंबर तिलाच दिला. आनंद पोटात मावेना, म्हणून ती उगाचच कात्री पुसत राहिली.

बाबांनी डोळे उघडले. आरशातल्या माणसाकडे ते बराच वेळ बघत होते. सवयीने हात डावीकडून उजवीकडे गेला, पण बसवायला काही उरलंच नव्हतं.

"तुझी आई घरात घेईल ना मला?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता उठले. बसची वेळ झाली होती.

ती झाडू घेऊन खिडकीपाशी आली. रस्त्यापलीकडच्या थांब्यावर बस उभी होती. पिशवी सांभाळत एक बाई धावत येत होती. ती चढेपर्यंत बस हलली नाही. मग बस वळून शाळेसमोरून गेली.

ड्रायव्हरच्या बाजूची काच पार मागेपर्यंत सरकवलेली होती.