कापडाची कात्री

छोट्या कात्रीची पाती डिंकानं अशी चिकटली की उघडायचं नाव घेईनात. टकळीनं ती फ्रॉकला पुसून पाहिली, दातांनी ओढून पाहिली, शेवटी वैतागून टेबलाखाली भिरकावून दिली. संध्याकाळी मावशी बाळाला घेऊन पहिल्यांदाच घरी यायची होती आणि भिंतीवर अजून एकही कागदी फूल चढलं नव्हतं. घरभर मात्र कागदच कागद! गुलाबी तुकडे पंख्याच्या वाऱ्यानं पलंगाखाली पळत होते आणि पिवळे तिच्या वेणीत अडकून बसले होते.

खिडकीशी बाबा बसले होते. उजवा हात मांडीवर, दुसऱ्याचा असल्यासारखा. प्लास्टर निघालं होतं, हाड जुळलं होतं. "आता हात चालवा," असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. पण बोटं थरथरायची, आणि थरथरत्या हातानं लोकांच्या कापडाला कात्री लावायची बाबांची छाती होत नव्हती. शिलाई मशीनवर चादर पडली ती पडलीच. गिऱ्हाईक आलं की आई दारातूनच सांगायची, "अजून थोडं थांबा." घरात कामाचा विषय कुणी काढत नसे. बाबा तर मुळीच नाही.

टकळीनं इकडेतिकडे पाहिलं. खिळ्याला बाबांची ती मोठी, काळ्या मुठीची कात्री लटकत होती. तिनं स्टूल ओढलं, कात्री काढली आणि लाल कागदाच्या घडीत खचकन घातली. अहाहा! काय झरझर चालत होती!

"अगं ए!"

बाबांच्या आवाजानं घर दणाणलं. आई हातातल्या पळीसकट धावत आली. "काय झालं? कोण पडलं?"

"पडतंय कशाला कुणी! ही बघ, कापडाच्या कात्रीनं कागद कापतेय! टेलरची पोरगी ना तू? कागदानं धार मरते हे तुला बोलता येत नव्हतं तेव्हापासून सांगतोय मी!"

टकळीनं कात्री खाली केली. पण गप्प बसेल तर ती टकळी कसली? "पण बाबा, ती नुसती लटकतच होती ना..."

आईनं डोळे वटारले. शब्द तर निघून गेले होते.

बाबा उठले. आता पाठीत धपाटा बसणार, म्हणून टकळीनं खांदे वर केले. पण त्यांनी तिच्या हातातून कात्री काढून घेतली. उजव्या हातानं. पात्यावरून अंगठा हळूच फिरवला आणि तोंड कडू केलं. मग त्यांची नजर तिच्या फुलावर गेली.

"आणि हे काय? पाकळी म्हणायची की उंदरानं कुरतडलंय?"

"मग तुम्ही दाखवा ना."

"धार मारलीसच. आता आणखी काय मरणार आहे!" असं पुटपुटत त्यांनी कागद ओढला.

पहिलाच काप घसरला. कागद तिरका फाटत गेला आणि बाबांचा हात थांबला. आईच्या पळीतला थेंब फरशीवर टपकला, तरी ती हलली नाही. टकळीला वाटलं, आता कात्री परत खिळ्यावर.

"टाचण्या आण," बाबा म्हणाले.

त्यांनी कागदाची घडी टाचण्यांनी नीट टाचली, चापून बसवली, कोपर टेबलावर रोवलं आणि श्वास रोखून कात्री घातली. हात थरथरत होताच. पण पातं पुढं चाललं होतं. वळणावर कागद वळत होता, कात्री सरळच राहत होती. टकळीनं घडी उलगडली तर हे एवढं थोरलं फूल!

"बाबा! मी पेन्सिलीनं रेघ मारली होती की. तुम्ही केवढं बाहेरून कापलंत!"

"मग? शिलाईला नको सोडायला?"

"अहो, शिवायचंय कुठं? चिकटवायचंय!"

बाबा फुलाकडे बघतच राहिले. आधी आईला हसू फुटलं, तेही असं की पळी खाली ठेवावी लागली. बाबांनी रागीट चेहरा ठेवायचा फार प्रयत्न केला, पण मिशीच हलायला लागली, मग काय करणार?

त्यानंतर टकळी घड्या घालत गेली आणि बाबा कापत गेले. प्रत्येक फूल रेघेच्या बाहेरूनच. "सवय आहे, जाणार नाही," असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. भिंतीवर ताटाएवढी फुलं चढली. काही फाकडी, एकदोन वाकडी.

शेवटचं फूल लावून झाल्यावर टकळीनं धीर केला. "बाबा, नाहीतरी हिची धार गेलीय. मला देऊन टाका ना, कागदाला."

फरशी पुसणाऱ्या आईचा हात थबकला.

बाबांनी कात्री सदऱ्याच्या टोकाला पुसली. "तुला दुसरी आणतो. ही धार लावायला टाकायचीय."

"आत्ता? मावशी येईल ना!"

"ती यायच्या आत येतो. मला लागणार आहे ती."

चपला पायात सरकवून ते जिना उतरायला लागले. पाठीवर, बरोबर मधोमध, एक लाल पाकळी चिकटली होती. टकळी ओरडणार, तोच आईनं ओल्या हातानं तिचं तोंड दाबलं.

"हाक मारू नकोस," ती हळूच म्हणाली. "जाऊ दे त्यांना."