तिखट ओवी

लग्नाची हळद दळायला सगुणाबाई आणि केतकी, मायलेकी, जात्याशी समोरासमोर बसल्या. केतकी कालच स्वभावकेंद्रातून परतली होती. सासरच्यांनी पत्रिकेऐवजी स्वभावाचे आलेख जुळवले, तेव्हा मुलीचा हट्ट दहापैकी नऊ भरला. त्यांना तीनच्या वर चालत नव्हता. केतकी नको नको म्हणत होती. आईनंच गळ घालून सही करवली, आणि केंद्रानं डोक्याला तारा लावून तासाभरात हट्ट उतरवला.

केतकी दहा वर्षांची असताना सगुणाबाईंनी तिच्यावर ओवी रचली होती:

लेक माझी तिखट, जशी मिरची बांधाची,
चूक दिसता बोले, भीड नाही कोणाची.

आज त्यांनी ती मुद्दाम चुकवली. "लेक माझी गोड" म्हणाल्या आणि वाट पाहू लागल्या. एरवी शब्द इकडचा तिकडे झाला की केतकी खुंटा घट्ट धरून जातं अडवायची. "तिखट म्हण, नाहीतर दळणार नाही!"

जातं फिरत राहिलं.

"अगंबाई, आज भांडण नाही?" शेजारी हळकुंडं निवडत बसलेली केतकीची आत्या हसली. "वहिनी, गाय चालली हो सासरी!"

सगुणाबाईंचा हात थांबला. "केतके, ऊठ, केंद्रात जाऊ. तुझं तुला परत देतील. फक्त मागायला तूच हवीस, असा नियम आहे."

"सगळ्यांना चालणार असेल तर मागते, आई."

मग आईच्या थिजलेल्या हातावर हात ठेवून तिनं जातं पुन्हा फिरवलं. ओवीही पहिल्यापासून म्हटली, आईनं चुकवली होती तशीच.