दोघींच्या बदल्यात एक

"त्या दोन पोरी दुसऱ्या क्लबला देऊन टाका, बदल्यात राज्यातली सर्वात वेगवान गोलंदाज मिळतेय. यंदा करंडक आपलाच!" महिला क्रिकेट क्लबचे सचिव म्हणाले. प्रशिक्षक हेमलताताईंनी मान डोलावली.

वृंदा आणि शबानाला त्यांनीच सहा वर्षं घडवलं होतं. निरोप ऐकून वृंदाने विचारलं, "ताई, आमचं काय चुकलं?" ताईंनी दोघींच्या बदलीच्या कागदांवर सही केली.

नवी गोलंदाज आली, तिने अंतिम सामन्यात पाच बळी घेतले, करंडक मिळवून दिला. पुढच्या हंगामात ती मोठ्या क्लबकडे निघून गेली.

हेमलताताईंनी वृंदाला फोन केला. "दोघी परत या गं."

"शबानाने खेळ सोडला, ताई. तिकडे तिला एकही सामना मिळाला नाही. रोज तुमच्या फोनची वाट बघायची."