बिब्ब्याचा चटका

अनंत दिवाणावर पालथा पडला होता आणि त्याची बायको मधुवंती त्याच्या उजव्या टाचेवरच्या चामखिळीला लसूण चोळत होती. लसणाआधी चुना-सोडा झाला होता, केळीचं साल बांधून झालं होतं. चामखीळ तशीच होती, हरभऱ्याएवढी, टणक. धरमपेठेतल्या टाइल्सच्या दुकानात दिवसभर उभं राहून अनंतचा पाय ठणकत असे.

"हळू कर ना वं!"

"हळूच करून राहिली."

तिचं नख लागलं. अनंतनं तोच पाय मागे हाणला. टाच तिच्या तोंडावर बसली. ती कूलरच्या लोखंडी स्टँडवर आदळली आणि तिथंच खाली बसली. ओठ फाटला होता. तिनं तोंडातलं रक्त ओंजळीत थुंकलं, त्यात दात होता.

"आता काहून रडून राहिली?" अनंत मान वळवून म्हणाला. "मुद्दाम मारलं का मी? दुखलं का आपोआप सुटते पाय. मले समजतच नाई."

हे ती लग्नापासून ऐकत आली होती. भाजीत मीठ जास्त झालं, फोन उचलायला उशीर झाला, तरी त्याचा पाय आपोआपच सुटत होता.

दारात तिची सासू उभी होती. यमुताई सकाळीच सावनेरहून आल्या होत्या, पोराच्या पायासाठी बिब्बे घेऊन. त्यांनी सुनेच्या ओंजळीत पाहिलं. तिला ओला नॅपकिन दिला. मग स्वयंपाकघरात जाऊन गॅस पेटवला आणि एक बिब्बा दाभणाला टोचून जाळावर धरला. त्यातून काळं तेल सुटायला लागलं तशा त्या बाहेर आल्या आणि मुलाच्या पायाशी बसल्या.

"आई, बिब्बा नको. कातडं जाते त्यानं."

"जाऊ दे."

त्यांनी पाय मांडीवर घेतला आणि बिब्बा चामखिळीवर टेकवला. चर्र झालं. अनंत किंचाळला. यमुताईंनी बिब्बा उचलला नाही. चामखिळीवरून तो टाचेवर नेला, टाचेवरून तळव्यावर. कातडं पांढरं पडलं, मग काळं. जळका वास कूलरच्या हवेबरोबर घरभर फिरला.

"आई! सोड! मरून राहिलो मी!"

"मंग हाण ना मले." यमुताईंचा आवाज जराही चढला नव्हता. "तोंड समोरच हाये माह्यं. हाण."

त्यांनी पायावरचा हात खरंच काढून घेतला. बिब्बा मात्र टेकलेलाच ठेवला. अनंतनं उशी चावली. पोटरी थरथरत होती, बोटं वाकडी झाली होती. पण पाय आईच्या मांडीवरून तसूभर सरकला नाही.

मधुवंती भिंतीला टेकून पाहत होती. तो पाय आवरता येत होता. एवढ्या जाळातही आवरता येत होता. तिचं रडणं थांबलं.

यमुताईंनी दाभण मोरीत टाकलं आणि हात धुतले. अनंत हुंदके देत होता.

"दवाखान्यात ने मले, आई."

"हिले नेऊन राहिली मी," त्या म्हणाल्या आणि सुनेचा दंड धरून तिला उठवलं. प्रताप नगरच्या चौकापर्यंत दोघी भर उन्हात चालत गेल्या. तिथं ऑटो मिळाला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ओठाला टाके घातले. हातमोजे काढता काढता विचारलं, "कशानं झालं? पडलात का?"

बाथरूममध्ये घसरले, हे उत्तर मधुवंतीला पाठ होतं. तिनं यमुताईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

"नाई," मधुवंती म्हणाली. सुजलेल्या ओठांतून शब्द नीट फुटले नाहीत, म्हणून तिनं सावकाश पुन्हा सांगितलं. "नवऱ्यानं लाथ मारली. मुद्दाम."

डॉक्टरीणबाईंनी केसपेपर पुढे ओढला.

"मग पोलिसांना कळवावं लागेल," त्या म्हणाल्या आणि यमुताईंकडे वळल्या. "तुम्ही यांच्या आई का?"

"नाई," यमुताई म्हणाल्या. "त्याची. लावा फोन."