काटा पडला की

मोरिसेतनं काटा मुद्दामच पाडला. तो फरशीवर खणकन वाजला आणि स्वयंपाकघरातून तेसेद्रभाऊ धावत आले. त्या चार खोल्यांच्या हॉटेलाचे ते मालक, आचारी आणि हमाल, वय पासष्टच्या पुढे. धावताना वाटेतली एक खुर्ची आडवी झाली. त्यांनी वाकून काटा उचलला, नवा आणून ठेवला, वर माफीही मागितली. समोर बसलेल्या सोलांजनं रुमाल तोंडात कोंबला.

"वहिनी, हसलीस तर मेलो आपण," ती रुमालातून पुटपुटली.

"तूच हसतेयस. सरळ बस, मला लिहू दे." मोरिसेतनं काळी वही उचलली आणि गंभीर चेहऱ्यानं लिहिलं, काटा, चार सेकंद.

पाच दिवसांपूर्वी ही बाई अशी नव्हती. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. चौतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढलं, पण आता तिच्या स्वतःच्याच घशाखाली घास उतरेना. शेवटी नणंदेनं, सोलांजनं, तिला ओढूनच गाडीत घातलं आणि फ्रान्सच्या उत्तरेतल्या रूबेहून थेट मध्यावरच्या ऑव्हर्नच्या डोंगरात आणलं. पहिला मुक्काम बोर्दिएबाईंच्या हॉटेलात पडला. तिथे अर्धी वाटी सूपही तिला जाईना. फक्त शाळेतल्या सवयीनं तिनं वही काढली आणि सूपमध्ये काय काय पडलंय ते लिहायला लागली.

तेवढ्यात बोर्दिएबाईंचे डोळे विस्फारले. हातातली पळी निसटली. दहाच मिनिटांत न मागितलेलं बदक टेबलावर आलं, आणि रस्त्याकडची खोली बदलून बागेकडची मिळाली.

सोलांजच्या डोक्यात आधी प्रकाश पडला. "वहिनी, ही तुला परीक्षक समजतेय. ते नाही का, हॉटेलांना तारे देणारे. न सांगता येतात, गुपचूप जेवतात, काटा पाडून कोण किती लवकर उचलतं ते बघतात. तू लिहीत राहा."

मोरिसेतला हसू फुटलं. वर्षात पहिल्यांदा. हसता हसता बदक कधी संपलं ते तिलाच कळलं नाही.

मग काय, दोघी सुटल्याच. नकाशा, हॉटेलांचं पुस्तक, सगळं डिकीत गेलं. मुक्काम निवडायची एकच रीत उरली. सकाळी निघताना मालकालाच विचारायचं, "तुम्ही स्वतः सुट्टीवर निघालात तर पुढे कुठे उतराल?" मालक हनुवटी खाजवून एक नाव सांगे. ते नाव एकदाही चुकलं नाही. तिसऱ्या ठिकाणी तर मालकानं खुर्चीवर चढून बटाट्यात घोटलेलं चीज दिव्यापर्यंत ताणून दाखवलं. चौथ्या ठिकाणी मालकीणबाईंनी नाश्त्याला सात मुरंबे मांडले आणि प्रत्येकाशी अशी ओळख करून दिली की जणू सोयरिक जुळवायची आहे. गाडीत दोघी इतक्या हसायच्या की सोलांजला दोनदा रस्त्याकडेला थांबावं लागलं.

भीती एकच होती, बिंग फुटायची. वही शाळेची होती. पुठ्ठ्यावर शाळेच्या स्वयंपाकघराचं नाव ठसठशीत छापलेलं. चोराच्या मनात चांदणं, म्हणून टेबलावर ती नेहमी पालथी ठेवलेली असे.

पण आज, शेवटच्या मुक्कामी, मोरिसेतचं मन खाऊ लागलं. भिंतीचा कागद सुटलेला, पण पडदे ताजे इस्त्री केलेले. फुलदाणीतली फुलं आत्ताच खुडलेली. आणि तेसेद्रभाऊ शेजारी उभे, वही उघडली की त्यांच्या मिशा थरथरायच्या. शाळेत तपासनीस आला की ती स्वतः अशीच उभी राहायची, हात ॲप्रनमध्ये लपवून. हा म्हातारा आता वर्षभर ताऱ्याची वाट बघत बसणार. तिला आपलीच लाज वाटली.

"सोलांज, मी यांना खरं सांगणार."

"सांग की. पण आधी टार्ट तर येऊ दे."

टार्ट आला, आलुबुखार भरून भाजलेला, वाफाळता. मोरिसेत उठून उभी राहिली. "तेसेद्रभाऊ, मी परीक्षक-बिरीक्षक कुणी नाही. शाळेत पोरांना वाढते मी. पाच हॉटेलांत लोकांना फसवून जेवले. आता हाकलायचं तर खुशाल हाकला."

तेसेद्रभाऊंनी शांतपणे टार्टचा तुकडा कापला. मोठा कापला.

"माहितीये, बाई," ते म्हणाले. "पण आमच्या सोंगात काही चुकलं का? कशावरून ओळखलंत?"

मोरिसेत परत खाली बसली. तेसेद्रभाऊ फोनपाशी गेले आणि तिथला एक तेलकट कागद घेऊन आले. "काल तुम्ही होतात तिथून सकाळी फोन आला. त्यांना आदल्या मुक्कामाहून आला होता. बायकोनं सगळं उतरवून घेतलंय. वाचा तुम्हीच."

मोरिसेतनं चष्मा लावला. सोलांज उठून तिच्या खांद्यावरून वाचू लागली.

"मोरिसेतबाई येताहेत, सोबत नणंद. परीक्षक नाहीत. वही उचलली की पुठ्ठ्यावर शाळेच्या स्वयंपाकघराचं नाव दिसतं, तिकडे बघू नका. माझ्याकडे आल्या तेव्हा सूपसुद्धा जात नव्हतं. मी घाबरल्याचं सोंग केलं तर हसल्या, आणि पोटभर जेवल्या. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांना वाढलंय, आता आपली पाळी. सोंग सोडू नका, आणि पुढे कळवा. बोर्दिए."

खाली, चौथ्या मुक्कामाची भर होती.

"काटा पडला की धावत जा. वाटेत एखादी खुर्ची पाडलीत तर आणखी हसतात."