थंड डोक्याचा

"स्वभावात नापास म्हणजे काय?" साहेबांनी निकालाचा कागद टेबलावर आपटला.

वैमानिकांच्या निवडीत त्यांचा मुलगा डोळे, कान, गणित, सगळ्यात पहिला आला होता. फक्त स्वभावाच्या चाचणीत नापास. म्हणून साहेब तरातरा मानसतज्ज्ञ बाईंच्या खोलीत घुसले होते. घरीदारी सगळे त्यांना साहेब म्हणत, कारण दुसरं काही म्हटलेलं त्यांना खपत नसे.

मुलगा मागे भिंतीला चिकटून उभा. चोवीस वर्षांचा घोडा. लहानपणापासून एकच वेड, विमान उडवायचं. पण त्या वेडाबद्दलसुद्धा बोलत होते ते साहेबच. पोराचं डोकं बर्फासारखं थंड आहे म्हणाले. कितीही ओरडा, चारचौघांत पाणउतारा करा, भरल्या ताटावरून उठवा, हूं की चूं नाही. हे वळण आपण लावलं, हे सांगताना छाती फुगली होती. लाज म्हणून वाटत नव्हती मेल्याला!

तुमचं काय म्हणणं आहे, असं बाईंनी मुलाला विचारलं. तो बापाकडे बघू लागला.

"त्याला काय विचारता? हे बघा." साहेब वळले आणि त्यांनी पोराच्या मुस्काटात सणसणीत ठेवून दिली. पोरगा जागचा हलला नाही. गालावर बोटं उमटली. "बघितलंत? असा पायलट शोधून सापडायचा नाही."

बाई ताडकन उठल्या. बोलल्या मात्र मुलाशीच.

"उद्या शेजारच्या खुर्चीतला कॅप्टन विमान डोंगरावर घालायला निघाला, तर तुम्ही असेच गप्प बसाल. मागे दोनशे माणसं असतील."

मुलानं मान खाली घातली. साहेबांचं पित्त खवळलं. याच्यापायी आपल्याला एका बाईचं ऐकून घ्यावं लागतंय, म्हणून त्यांनी पुन्हा हात उगारला.

मुलानं तो वरच्या वर धरला.

"बाबा, पुरे. हात खाली घ्या."

त्याचा आवाज कापत होता, पण मनगट त्यानं सोडलं नाही. साहेब बाईंवर उखडले.

"झालं समाधान? बापावर उलटला! आता खरंच नापास करा याला."

"सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी आहे," बाई मुलाला म्हणाल्या. "एकटे या."