तीन दिवसांची रजा

"आय बेग टू स्टेट दॅट माय फादर..." इथपर्यंत निधीची गाडी सुसाट यायची आणि इथेच अडायची.

"काहून थांबली? मोठ्यानं म्हण ना," आई स्वयंपाकघरातून ओरडली. ती पोळ्या लाटत होती. "मनातल्या मनात म्हणून पाठ होते का?"

पाठ तर झालं होतं, तीच पंचाईत होती. प्राचार्यांना लिहायचा अर्ज: काल रात्री माझे वडील वारले, तरी मला तीन दिवसांची रजा मिळावी. उद्या दहावीचा इंग्रजीचा पेपर. प्री-बोर्डात निधी नेमकी इंग्रजीतच आपटली होती. लेखनाचे मार्क पदरात पडले तरच ती काठावर का होईना, पार होणार होती. पंडरी भागातल्या कोचिंगमधले विशाल सर छातीठोकपणे सांगत होते, यंदा रजेचा अर्जच येणार. रजेचं कारणही त्यांनीच ठरवून दिलं होतं. "बुखार-वुखार सब लिखते हैं. तुम लोग सीधे फादर लिखो. पूरे नंबर मिलेंगे." वर्गातल्या यच्चयावत पोरांचे बाप सरांनी एका दमात मारून टाकले, आणि पोरांनी ते मुकाट्याने उतरवून घेतलं.

पण बाकीच्यांचे बाप दुकानात नाहीतर ऑफिसात बसलेले. निधीचे बाबा मालगाडीचे गार्ड. काल गाडी घेऊन गेलेले, आज दुपारी जेवायला घरी यायचे होते. आता दिवेलागण झाली तरी त्यांचा पत्ता नव्हता. फोन लावला की तीच बाई तेच सांगत होती, नंबर बंद है या पहुँच से बाहर है.

"मम्मी, बाबा को फिर से लगाओ ना." शाळेतली हिंदीच निधीच्या तोंडी घरातही असायची.

"येतीन ना. मालगाडी हाय ते, उभी असन कुठं सिग्नलले. तू वाच."

तिन्हीसांजेला घरात वाईटसाईट बोलायचं नाही, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, हा नियम आईचाच. कुणाला नुसतं 'मरू दे' म्हटलं तरी निधीला टपली बसायची. आणि आज तीच आई देवापुढे दिवा लावून सांगत होती, मोठ्यानं म्हण. तिला अर्थ तरी कसा सांगायचा? सांगायचा म्हणजे ते आईला कळेल अशा भाषेत बोलायचं, आणि मग तर सगळंच पक्कं झालं. गुढियारी वस्तीतल्या दोन भाड्याच्या खोल्या, त्यांच्या वास्तुपुरुषाला इंग्रजी कुठून येणार, अशी निधीने स्वतःची समजूत घातली. पण देवाचं काय सांगावं! तिला भीती वाटत होती, खरीखुरी, लहानपणी अंधाराची वाटायची तशी.

तिने फादरच्या जागी ग्रँडफादर घालून पाहिलं. आजोबा केव्हाच गेलेले, त्यांना आता कसला धोका? पण अर्ज एका चालीत घोकलेला. एक शब्द हलवला की पुढचं सगळं पळून जायचं, ना ग्रँट आठवायचं ना लीव्ह. पुन्हा फादर घातलं की सगळं सुरळीत.

"माय फादर पास्ड अवे लास्ट नाइट," ती डोळे मिटून एकदाची बोलून गेली, आणि तिने लगेच जीभ चावली.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. तिचा चेहरा खुलला होता.

"फादर म्हटलं ना तू? एवढं त मलेबी समजते. तुया बाबावर हाय होय? मंग लाजून काहून राहिली? म्हण अजून."

ती समोर मांडी घालून बसलीच. निधी म्हणत गेली. दर खेपेला आई कौतुकाने मागोमाग ओठ हलवत होती.

फाटकाची कडी वाजली. बाबा आले. अंगभर कोळशाची धूळ, डोळे लाल, खांद्यावर बॅग. सकाळपासून गाडी यार्डाबाहेर उभी, मोबाइल बंद पडलेला, वगैरे ते सांगत होते. निधीला त्यातलं काही ऐकू आलं नाही. तिने त्यांची बॅग ओढून घेतली आणि पोटाशी धरून उभी राहिली. सुटलो एकदाचे, असं तिला वाटलं.

"पोट्टीनं तुमच्यावर इंग्लिशमध्ये पाठ केलं," आई पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणाली. "निधी, म्हणून दाखव बाबाले."

"नहीं मम्मी. प्लीज."

"लाजते ते. अवो, ऐकून ऐकून मलेच पाठ झालं." आणि आई ताठ उभी राहिली. नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत, हसत हसत तिने न अडखळता म्हटलं, "माय फादर पास्ड अवे लास्ट नाइट. ग्रँट मी लीव्ह फॉर थ्री डेज."

बाबांचं इंग्रजी रेल्वेच्या कागदांपुरतंच, पण एवढ्याला ते पुरेसं होतं. बुटाची नाडी सोडता सोडता त्यांनी मान वर केली. बायकोकडे पाहिलं, मग लेकीच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे. त्यांच्या मिशीत हसू आलं.

"तीनच दिवस?" ते म्हणाले. "तेरवी त होऊ दे, बाप्पा."

तेरवी हा तेराव्याचा शब्द आईला समजत होता. तिचं हसू तोंडावरच राहिलं. तिने निधीचं मनगट घट्ट धरलं, इतकं घट्ट की तिची बोटं निधीच्या हाताला रुतली.

"निधी," तिने अगदी हळू विचारलं, "मी काय म्हणून राहिली होती?"